अपडेटनंतर कॉम्प्युटर बिघडला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं. आज सकाळी वायफाय दिसत नाही, किंवा आवाज गेलाय, किंवा निळ्या किंवा काळ्या पडद्यावर भलताच मजकूर येऊन बसलाय. मधल्या वेळात घडलं काय, तर अपडेट. अशा वेळी आजूबाजूचा जाणकार हमखास एकच सल्ला देतो, "फॉरमॅट मारून टाक." तो इतक्यात ऐकू नका. मागे फिरायच्या चार-पाच वाटा विंडोजमध्येच आहेत, पण त्या कुठल्या क्रमाने चोखाळायच्या हे सहसा कुणी सांगत नाही. ओळखीपाळखीतले बिघडलेले लॅपटॉप माझ्याकडे येत असतात, त्यातून हा क्रम बसत गेला. नियम दोनच: एका वेळी एकच उपाय करायचा, आणि जो उलटा फिरवता येतो तो आधी करायचा.

लेख विंडोज ११ समोर ठेवून लिहिलाय. विंडोज १० मध्ये मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे असतील, मार्ग तोच. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात असू द्या.

हाताशी काय हवं

- इंटरनेट चालू असलेला फोन किंवा दुसरा कॉम्प्युटर
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. रोज टाकता तो चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही, तो फक्त त्या मशीनपुरता असतो
- बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की (सातवा मुद्दा आधी वाचलात तरी चालेल)
- निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जातं
- लॅपटॉपचा चार्जर. अर्ध्या बॅटरीवर यातलं काहीही सुरू करू नका
- पडद्यावर येणारा प्रत्येक संदेश टिपायला फोनचा कॅमेरा

## १. अपडेटनेच केलंय का, ते आधी बघा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं इथे फार होतं. मरायला टेकलेली हार्ड डिस्क अपडेटच्या रीस्टार्टला मान टाकते आणि शिव्या अपडेट खातं.

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. हे विंडोजमधलं सर्वात दुर्लक्षित पान असावं. दिवसांचे उभे रकाने दिसतात. एखादा प्रोग्राम कोसळला, विंडोज बंद पडलं, की त्या दिवसाखाली लाल फुली येते. अपडेट किंवा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) बसला असेल तर खालच्या ओळीत निळी खूण असते. रकान्यावर क्लिक केलं की त्या दिवसाची यादी खाली उघडते. लाल फुल्या अपडेटच्या आधीपासूनच दिसत असतील तर आरोपी दुसराच आहे. अपडेटच्याच दिवसापासून सुरू झाल्या असतील तर पुढे वाचा.

दुसरी गफलत म्हणजे कुणाचं अपडेट हेच न बघणं. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ आणि बँकांमधले कॉम्प्युटर निळे पडले, तेव्हा कित्येकांनी विंडोज अपडेटला दोष दिला. प्रत्यक्षात ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं स्वतःचं अपडेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशीन त्यात अडकली, आणि विंडोजचं अपडेट काढून काहीही साधलं नसतं.

## २. नेमकं कोणतं अपडेट, ते लिहून घ्या

सेटिंग्ज → विंडोज अपडेट → अपडेट हिस्टरी. इथे ढोबळ तीन प्रकार भेटतात, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा:

क्वालिटी अपडेट: दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारं. यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. नावापुढे 'केबी' आणि सात आकडे. हा केबी क्रमांक लिहून घ्या, पुढचा सगळा शोध त्याच्यावर चालतो.

फीचर अपडेट: वर्षातून साधारण एकदा, विंडोजची आवृत्तीच बदलणारं.

ड्रायव्हर अपडेट: ग्राफिक्स, वायफाय, आवाज, प्रिंटर वगैरेंचं. एकच गोष्ट बंद पडली असेल तर पहिला संशय याच्यावर.

क्रमांक मिळाला की मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज रिलीज हेल्थ' हे पान फोनवर उघडा. तिथे आवृत्तीप्रमाणे माहीत असलेल्या अडचणींची यादी असते. तुमची अडचण तिथे सापडली तर निम्मं काम झालं. मार्च २०२१ मध्ये काही प्रिंटरना प्रिंट दिली की थेट निळी स्क्रीन येत होती. लोक प्रिंटरचे ड्रायव्हर काढून-घालून दमले, तर कारण होतं त्या महिन्याचं अपडेट, आणि थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने वेगळी दुरुस्ती सोडली. काही अडचणी तर मायक्रोसॉफ्ट तिकडूनच बंद करतं. तो बदल तुमच्या मशीनपर्यंत यायला एखादा दिवस लागू शकतो, एकदा रीस्टार्ट केलं तर लवकर लागू होतो.

## ३. रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे

हसू नका. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. बिघडलेली अवस्थाही त्याच्याबरोबर परत येते. मेनूतून 'रीस्टार्ट' निवडलं की सगळं कोरं सुरू होतं.

अपडेट टक्क्यांवर अडकलं असेल तर वाट बघा. जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तासही लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. काहीच हालचाल नाही अशी पक्की खात्री झाल्यावरच पॉवरचं बटण दाबून धरायचं. त्यानंतर केलेले बदल मागे घेत असल्याचा संदेश आला तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. तेव्हा मात्र काही झालं तरी मशीन बंद करायचं नाही.

स्क्रीन काळी आहे, पण माऊसचा बाण फिरतोय? विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर जागेवरच पुन्हा सुरू होतो.

## ४. एकच गोष्ट बंद असेल तर ड्रायव्हर मागे घ्या

स्टार्ट बटणावर राइट क्लिक → डिव्हाइस मॅनेजर → बिघडलेलं उपकरण → प्रॉपर्टीज → ड्रायव्हर टॅब → 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही. मग फोनवरून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून ड्रायव्हर उतरवून घ्या आणि केबलने मशीनवर आणा. वायफायच गेलं असेल तर फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, तेवढ्यापुरतं इंटरनेट मिळतं.

'ड्रायव्हर अपडेटर' नावाने फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. एक बिघाड घालवायला जाऊन चार घरात घेण्याचा तो मार्ग आहे.

## ५. अपडेट काढून टाकणं

मशीन सुरू होतंय, पण एकंदर बिघडलंय, अशा वेळी:

सेटिंग्ज → विंडोज अपडेट → अपडेट हिस्टरी → सगळ्यात खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. लिहून घेतलेला केबी क्रमांक शोधा, काढा, रीस्टार्ट करा. एखादं यादीत नसेलच तर ते काढता येणाऱ्यांपैकी नाही.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. अपडेट काढलं, सगळं सुरळीत झालं, माणूस निवांत झाला, आणि दोन दिवसांत तेच अपडेट आपोआप परत येऊन बसलं. म्हणून काढल्यावर लगेच विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' करा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. साधारणपणे तेवढ्यात पुढच्या महिन्याचं अपडेट येतं आणि आदल्या महिन्याच्या गोंधळाची दुरुस्ती बरेचदा त्यातच असते.

फीचर अपडेटचा मार्ग वेगळा: सेटिंग्ज → सिस्टीम → रिकव्हरी → 'गो बॅक'. याला फक्त १० दिवसांची मुदत असते. जुनं विंडोज तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं. जागा खातंय म्हणून ते फोल्डर उडवलंत, किंवा डिस्क साफ करताना त्याच्यापुढे टिक राहिली, तर परतीचा दोर कापला. मागे गेल्यावर तुमच्या फाइल्स राहतात, अपडेटनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात.

फाइल्स राहतात म्हटलं, तरी बॅकअप घ्याच. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काही लोकांच्या फाइल्स खरोखरच पुसल्या होत्या. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखं फोल्डर दुसऱ्या ठिकाणी हलवलं होतं पण काही फाइल्स मूळ जागीच राहू दिल्या होत्या, त्यांचं ते जुनं फोल्डर रिकामं समजून अपडेटने साफ केलं. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा आणावं लागलं.

## ६. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

इथे लोकांचा धीर सुटतो, पण रस्ता सरळ आहे. विंडोजच्या आत एक छोटी दुरुस्तीची यंत्रणा वेगळी ठेवलेली असते, तिथे पोचायचंय.

लॉगिनचा पडदा येत असेल तर शिफ्ट दाबून धरून पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट निवडा. तेही येत नसेल तर मशीन चालू करा, कंपनीचा लोगो किंवा फिरणारे ठिपके दिसले की पॉवरचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरा. असं दोनदा झालं की बहुतेक वेळा तिसऱ्यांदा विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा मेनू उघडतं.

मेनूत ट्रबलशूट → ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. पुढचा क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. दोन पर्याय येतात, शेवटचं क्वालिटी अपडेट आणि शेवटचं फीचर अपडेट. महिन्याच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर पहिला. बहुतेक मशीन इथेच उठून बसतात.

नाही जमलं तर 'स्टार्टअप सेटिंग्ज' → रीस्टार्ट → ४ दाबून सेफ मोड, इंटरनेटसकट हवा असेल तर ५. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालतं. तिथे सगळं नीट दिसलं तर दोष ड्रायव्हरचा किंवा बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामचा, बहुधा अँटिव्हायरसचा. चौथ्या मुद्द्यातलं काम सेफ मोडमध्येच करा.

त्यानंतर 'सिस्टीम रिस्टोअर'. रिस्टोअर पॉइंट (मशीनच्या आधीच्या अवस्थेची जपलेली नोंद) असेल तरच चालेल, आणि बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंदच असते. 'स्टार्टअप रिपेअर' करून बघायला हरकत नाही, पण अपडेटच्या बिघाडात त्याच्याकडून मी फारशी आशा ठेवत नाही.

'रिसेट धिस पीसी' ट्रबलशूटच्या मेनूत सगळ्यात वर, ठळक दिसतं. म्हणूनच घाबरलेला माणूस आधी तेच दाबतो. फाइल्स ठेवायचा पर्याय निवडला तरी टाकलेले सगळे प्रोग्राम जातात. ते शेवटी.

दुरुस्तीच्या मेनूत कीबोर्ड-माऊस हलतच नसतील तर तेही अपडेटचंच काम असू शकतं. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटने नेमकं हेच केलं: विंडोजमध्ये यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस ठणठणीत, दुरुस्तीच्या मेनूत मात्र मृत. २० तारखेला मायक्रोसॉफ्टने घाईने वेगळं अपडेट काढलं. असं पुन्हा झालं आणि विंडोज सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून मशीन सुरू करा आणि 'रिपेअर'चा पर्याय निवडा. दुरुस्तीचा तोच मेनू पेनड्राइव्हवरून उघडतो.

## ७. निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली तर

'बिटलॉकर रिकव्हरी' असं लिहिलेला पडदा म्हणजे व्हायरस नाही आणि खंडणीही नाही. तुमची डिस्क कुलूपबंद आहे. मशीनमध्ये काहीतरी बदललंय असं वाटल्यामुळे विंडोज मालकाची ओळख विचारतंय. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेकांना हा पडदा विनाकारण दिसला होता, ऑगस्टच्या अपडेटने ते निस्तरलं.

"मी कधी बिटलॉकर लावलंच नाही," हे उत्तर मी नेहमी ऐकतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने ते आपोआप लागलेलं असू शकतं.

की ४८ आकड्यांची असते. फोनवर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर लॉगिन करा आणि तुमच्या उपकरणाखाली 'रिकव्हरी की' शोधा. दोन-तीन कीज दिसल्या तर गोंधळू नका: निळ्या पडद्यावर 'की आयडी' असतो, त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवा. मशीन ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉप आधी घरातल्या दुसऱ्याने सुरू करून दिला असेल तर त्याच्या खात्यात बघा, पुष्कळदा तिथेच मिळते.

की कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती देऊ शकत नाही, आणि डिस्कवरचा डेटा गेला असं समजायचं. म्हणून मशीन नीट चालू असताना, आजच, ती की कागदावर उतरवून ठेवा. तो कागद लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.

## ८. अपडेट बसतच नसेल तर

दर वेळी डाउनलोड होतं, रीस्टार्ट होतं आणि मागे फिरतं. आधी सी ड्राइव्हवर जागा बघा. महिन्याच्या अपडेटला काही जीबी पुरतात, फीचर अपडेटसाठी २०-२५ जीबी मोकळे असलेले बरे. व्हीपीएन बंद करा, बाहेरची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा. मग सेटिंग्ज → सिस्टीम → ट्रबलशूटमधून विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा.

एरर कोडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट शेवटी ०६४३ असलेला कोड देऊन अडत होतं. कोडचा अर्थ नुसता 'इन्स्टॉल फसलं' एवढाच. खरं कारण दुरुस्तीच्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या त्यासाठी राखलेल्या भागात) जागा कमी असणं, आणि तो जागेचा कोड दाखवायचा सोडून विंडोज भलताच दाखवत होतं. लोकांनी त्यासाठी पार्टिशन कापली. अशा वेळी रिलीज हेल्थचं पान न वाचता डिस्कच्या पार्टिशनला हात लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एवढ्यावर भागलं नाही तर सेटिंग्ज → सिस्टीम → रिकव्हरी → 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट'. हे विंडोजची तीच आवृत्ती पुन्हा उतरवून वरच्यावर बसवतं. फाइल्स, प्रोग्राम आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. फॉरमॅटचा विचार मनात आलाच तर आधी हे.

## ९. मदत शोधताना

विंडोजच्या खऱ्या एरर संदेशात कधीही फोन नंबर नसतो. "अपडेट फसलं, या नंबरवर फोन करा" असं दिसलं की ती फसवणूक. हल्ली ब्राउझरमध्येच पूर्ण पडदाभर अपडेटचं हुबेहूब सोंग उभं केलं जातं, टक्के वाढताना दिसतात, आणि शेवटी विंडोज की आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतात. खरं अपडेट तुमच्याकडून असलं काहीही करून घेत नाही. एस्केप किंवा एफ ११ दाबून पडदा लहान करा, नाही झाला तर ऑल्ट आणि एफ ४.

## १०. सगळं सुरळीत झाल्यावर

अपडेट कायमचं बंद करून देणारी टूल्स मिळतात. माझा त्यांना विरोध आहे. अपडेटमुळे बिघडलेलं मशीन एका दुपारीत सुधारतं, सुरक्षेतलं भोक न बुजवल्यामुळे घुसलेला चोर तेवढ्यात जात नाही. त्याऐवजी एवढं करा:

विंडोज अपडेटच्या पानावरचं 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद ठेवा. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येणारी 'प्रिव्ह्यू' अपडेट्स ऐच्छिक असतात, ती घेऊ नका.

'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये कामाची वेळ भरा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, त्या वेळेत विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही.

परीक्षा, मोठं सादरीकरण, हिशेबाची शेवटची तारीख असं काही आठवड्याभरात असेल तर आधीच पॉज करा. काम झालं की 'रिझ्यूम' दाबायला विसरू नका. आणि दाबाल तेव्हा बॅकअप घेतलेला असू द्या, चार्जर लावलेला असू द्या, आणि पुढचे दोन-तीन तास त्या मशीनची गरज नसेल अशी वेळ निवडा.